कार्डाची एक सही आणि शुभांगीचा दवाखाना

निवृत्त होऊन मला आता दोन वर्षं होतील, पण केडगावात भाजी आणायला गेले तरी कुणी ना कुणी गाठतंच. माझ्या हातात मेथीची जुडी, आणि समोरचा विचारतो, "मॅडम, नवीन क्रेडिट कार्ड घेतलं तर स्कोअर वाढतो का कमी होतो हो?" लग्नाच्या पंगतीत डॉक्टरांना गुडघे दाखवणारी माणसं असतात ना, तशी ही मला भेटतात. राग येत नाही. खरं सांगू? आवडतंच. बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सोळा कर्जविभागात. अजून लोक विचारायला येतात म्हणजे काहीतरी धड केलं असणार.

या अंकासाठी नोकरीबद्दल लिहा, असं संपादकांनी म्हटल्यावर मी लगेच हो म्हणाले. पण भरती कधी झाले, बढती कधी मिळाली, बदल्या किती झाल्या, यातलं काही लिहिणार नाही. ते माझ्या घरचेही वाचणार नाहीत. मी या एका प्रश्नाचं उत्तर देणार आहे. हे उत्तर मला तोंडपाठ होतं, आणि तरी एकदा एका भल्या माणसाला मी ते अर्धंच सांगितलं. त्यापायी त्याच्या लेकीचा दवाखाना हातचा जायची वेळ आली.

आधी हा स्कोअर काय असतो ते सांगते. तुम्ही कुठूनही कर्ज घेतलंत, हप्ता भरलात, चुकवलात, कार्ड वापरलंत, की त्याची खबर एका ठिकाणी जमा होते. तिथे तुमच्या नावाची कुंडली तयार होते आणि तिच्यावरून तीनशे ते नऊशेच्या मधला एक आकडा निघतो. आकडा मोठा असला की बँकेत तुमच्यासाठी चहा येतो, लहान असला की साहेब मीटिंगमध्ये असतात.

आता नवीन कार्ड. तुम्ही अर्ज केला की बँक ही कुंडली मागवते. कुणी मागवली, कधी मागवली, याचीही नोंद तिच्यातच होते. पुढच्या बँकेला ती दिसते आणि शंका येते, की या माणसाला एकाएकी उधारीची गरज का पडली? आकडा थोडा उतरतो. शिवाय तुमची जुनी खाती दहा-दहा वर्षांची, त्यांत हे कोरं खातं आलं की सरासरी वय खाली येतं. त्यानेही थोडा उतरतो. पुढे तुम्ही कार्ड जपून वापरलंत, मर्यादेच्या पंचवीस-तीस टक्क्यांत खर्च ठेवलात, बिल वेळेत आणि पूर्ण भरलंत, तर काही महिन्यांनी आकडा चढायला लागतो आणि बहुतेकदा वर्षभरात आधीच्याही वर जातो. म्हणजे आधी उतार, मग चढ. विचारणाऱ्याला मी आता उलट विचारते, "तुम्हाला कर्ज कधी घ्यायचंय?" त्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

पण त्या काळात मी असं विचारत नव्हते, आणि त्याला कारण होतं देवळाली प्रवराचे एक अण्णा. मी तिथल्या शाखेत होते तेव्हाची गोष्ट. अण्णा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते, निवृत्त झालेले. कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. नातवाला कॉलेजला जायला गाडी घ्यायची म्हणून कर्ज मागायला आले. मी कुंडली काढली तर आकड्याच्या जागी आलं उणे एक!

अण्णा असे भडकले की कॅशिअर उठून उभा राहिला. "उणे? जन्मात कुणाचा रुपाया ठेवला नाही मी! चाळीस वर्षं काट्यावर बसलो, एका किलोचा घोळ नाही, आणि मला शून्याच्याही खाली?" मी समजावलं, अहो अण्णा, तुम्ही कधी कर्जच घेतलं नाही, म्हणून यंत्राला तुमच्याबद्दल काही सांगता येत नाही. उणे एक म्हणजे वाईट नव्हे, अनोळखी. ते म्हणाले, "म्हणजे कर्ज काढणारा ओळखीचा, आणि न काढणारा अनोळखी? वा रे न्याय!"

मी त्यांना मुदत ठेवीवर एक छोटं कार्ड काढून दिलं. अण्णा महिन्यातून एकदा त्यावर चहापूड घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी बँकेत येऊन पैसे भरायचे. पावती वहीत चिकटवायचे. वर्ष उलटलं तर आकडा पावणेआठशेच्या वर! त्यांनी पेढे वाटले, मी शाखेत मान ताठ करून फिरले. तेव्हापासून ज्याला त्याला माझं एकच सांगणं असायचं, "कार्ड घ्या, स्कोअर वाढतो." अण्णांच्या बाबतीत ते खरं होतं, कारण त्यांच्याकडे उतरायला काही नव्हतंच. हा फरक मला कळत नव्हता असं नाही. सांगायला सोपं पडायचं म्हणून मी तो गाळून टाकला.

पुढे माझी घोडेगावला बदली झाली. घोडेगाव म्हणजे जनावरांचा बाजार. बाजाराच्या दिवशी शाखेबाहेर पिकअप गाड्यांची रांग, आत कौंटरवर शेणाचा वास, आणि प्रत्येकाच्या तोंडी म्हशीचं दूध किती लिटर. मला तो दिवस फार आवडायचा. तिथेच कारभारीभाऊ भेटले. आमच्या नगर जिल्ह्यात कारभारी हे मुलाचं नाव ठेवतात, आणि गावाकडे बायका नवऱ्यालाही कारभारी म्हणतात. त्यामुळे ते दारात दिसले की आमचा शिपाई हमखास ओरडायचा, "मॅडम, तुमचे कारभारी आले!" मी त्यांना पहिल्या दिवसापासून भाऊ जोडून टाकला तो त्या शिपायाच्या धास्तीने.

कारभारीभाऊ हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी. उंच, काळेसावळे, खांद्यावर कायम एक मोठा रुमाल. त्या रुमालाचं काम घाम पुसणं एवढंच नव्हे. आमच्या बाजारात सौदा करताना दोघं हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही किती मागितले, किती दिले. नाही जमलं तर रुमाल झटकायचा आणि पुढच्या माणसाकडे जायचं. दहा ठिकाणी विचारलं तरी अकराव्याला पत्ता लागत नाही. त्यांचं सगळं आयुष्य या पद्धतीत गेलेलं.

व्यवहाराला माणूस चोख. पिकअपचं कर्ज घेतलं होतं, एकही हप्ता चुकला नव्हता. आकडा सातशे अडुसष्ट. पण त्यांचा खरा अभिमान म्हणजे त्यांची मुलगी शुभांगी. ती जनावरांची डॉक्टर झाली होती. ते तिला तोंडावर शुभे म्हणायचे आणि आमच्यासमोर डॉक्टरीणबाई. "म्याडम, आमची डॉक्टरीणबाई काल आडलेली म्हैस मोकळी करून आली. रेडकू बी जितं, म्हैस बी जिती." हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

शुभांगीला गावातच दवाखाना काढायचा होता. महामार्गाला लागून दोन गाळे, वर राहायला दोन खोल्या आणि मागे जनावर उभं करायला मोकळी जागा, अशी मालमत्ता विकायला निघाली. अशी जागा पुन्हा निघत नसते. मालक पुण्याला चालला होता, घाईत होता. मार्चमध्ये कारभारीभाऊंनी दोन दुभत्या म्हशी विकून इसार दिला. दोन महिन्यांची मुदत. तेवढ्यात बाकीचे पैसे आले नाहीत तर इसार बुडाला आणि जागा गेली, असं पावतीत स्पष्ट लिहिलेलं. टायरचा एक व्यापारी रोख पैसे घेऊन टपून बसलाच होता. भाऊ पेढे घेऊन शाखेत आले. "कर्ज तुमच्याकडनंच घ्येनार. डॉक्टरीणबाईचं आन् माझं, दोगांच्या नावानं." मुलीची कमाई अजून सुरू व्हायची होती, तेव्हा सगळी मदार वडलांच्या स्कोअरवर. मी म्हटलं, काही काळजी करू नका, सातशे अडुसष्ट म्हणजे आमच्याकडे लाल गालिचा.

आणि मग आला मार्चअखेर. बँकेत न काम केलेल्यांना मार्चअखेर कळणार नाही. कर्ज, ठेवी, विमा आणि कार्डं, सगळ्याचं टार्गेट. आमच्या शाखेला दोन कार्डं कमी पडत होती. क्षेत्रीय कार्यालयातून तासातासाला फोन. कारभारीभाऊ पासबुक भरायला आले होते. मी हाक मारली.

"कारभारीभाऊ, जरा इथे एक सही करा."

"कशाची हाय?"

"क्रेडिट कार्ड. फुकट आहे. घेतलं की स्कोअर वाढतो."

"मंग तर घ्यायालाच पायजे! जागंच्या कर्जाला बरं पडंल, न्हाई का?"

या प्रश्नाला मी 'हो' म्हणाले. अगदी स्पष्ट आठवतंय मला. त्यांनी फॉर्म वाचला नाही, मी वाचायला दिला नाही. "तुमी म्हनताय म्हंजी झालं," असं म्हणून सही केली आणि गेले. महिनाभरात याच माणसाची फाईल मी कर्जाला पाठवणार होते, तेही मला ठाऊक होतं. आणखी एक सही मिळवली आणि टार्गेट भरलं. शाखेत सामोसे आले. मीही खाल्ला.

आता भाऊंचं डोकं व्यापाऱ्याचं. एका कार्डाने आकडा वाढतो, तर चारांनी किती वाढेल? पुढच्या पंधरवड्यात त्यांनी पेट्रोल पंपावर एक फॉर्म भरला, नगरला मोबाईलच्या दुकानात दुसरा, आणि एका मोठ्या दुकानाच्या दारात टेबल टाकून बसलेल्या मुलाकडे तिसरा. दोन ठिकाणी प्रवासी बॅग फुकट मिळाली. शिवाय दोन बँकांत जाऊन जागेच्या कर्जाचा व्याजदर काढून आले. त्यांच्या मते ते नुसतं विचारणं होतं. पण त्या दोन्ही बँकांनी त्यांच्याकडून कागदावर सही घेतली होती, आणि सही घेतली म्हणजे कुंडली मागवली.

एप्रिलच्या शेवटी वकिलाचा अहवाल आला, मी फाईल पूर्ण केली आणि नव्याने स्कोअर काढला. सातशे एकोणीस! मला वाटलं भलत्याच माणसाची कुंडली निघाली. पुन्हा नाव बघितलं, जन्मतारीख बघितली. आमच्या बँकेचा नियम साडेसातशेचा. तरी फाईल पाठवली, ती संध्याकाळी परत आली, वर एकच शब्द, नामंजूर. इसाराच्या मुदतीला एकोणीस दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी भाऊंना बोलावलं. त्यांनी ऐकलं आणि हसले. "थट्टा करताय व्हय म्याडम? चार कार्डांचं फारम भरलं मी! वाढला आसंल."

"चार?" मी किंचाळलेच. "कुणी सांगितलं तुम्हाला चार भरायला?"

"तुमीच म्हनला, वाढतो."

मी त्यांना सगळं समजावलं. प्रत्येक अर्जाची नोंद होते, ती सगळ्यांना दिसते, आकडा उतरतो. ते रुमालाचं टोक पिळत ऐकत होते. "म्हंजी इचारल्यालं बी दिसतंय? नुसतं इचारल्यालं? समद्यांना?" त्यांना हे पटतच नव्हतं. मग म्हणाले, "मंग समदी कार्डं आत्ता कातरीनं कापतो. द्या कातर."

"अहो, कापून नोंद पुसत नाही! उलट बंद केली तर एकूण मर्यादा घटेल आणि अजून गोंधळ होईल. असू द्या तशीच."

"मंग आता वो?"

"सहा-आठ महिने थांबलात की आपोआप वर येईल."

"म्याडम," ते हळू आवाजात म्हणाले, "माज्याकडं एकोनीस दिवस हायेत. शुभीला काय सांगू मी?"

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "तुम्ही मला न विचारता पाच ठिकाणी सह्या करायला नको होत्या." खरं होतं ते. आणि लाजिरवाणंही. ते मान खाली घालून उठले. मी दोन दिवस स्वतःला तेच सांगत राहिले, की माणसाने विचारायला नको का? जेवताना नवऱ्यालाही तेच सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी शुभांगी आली. मी तिला पहिल्यांदा पाहत होते. बारीक चणीची, पायात गमबूट, थेट कुठल्या तरी गोठ्यातून आलेली. तिने वडलांचा पूर्ण अहवाल मोबाईलवर काढून छापून आणला होता. आधीच सांगते, स्वतःचा अहवाल स्वतः काढला तर आकड्याला काही होत नाही, बिनधास्त काढा. तिने कागद टेबलावर पसरले. प्रत्येक ओळीवर पेनाने खुणा केलेल्या.

"मॅडम, चौकशीच्या नोंदी पाच जागच्या आहेत," ती म्हणाली. आवाज शांत होता. "पेट्रोल पंपवाल्यांची, मोबाईल दुकानाची, त्या टेबलवाल्या पोराची, दोन बँकांची. ह्या पाचही बाबांच्या चुका, मला मान्य आहेत. मी घरी त्यांना बोलले पण. पण ह्यांच्या आधीची ही सहावी बघा. तारीख बघा. ही तुमच्या बँकेची आहे."

मी तारीख बघितली नाही. गरजच नव्हती.

"बाबा म्हणतात, तुम्ही बरोबर आहात, त्यांचंच चुकलं. दोन दिवस झालं एकच धोशा लावलाय, मॅडमचं ऐकायला पाहिजे होतं. मॅडम, त्यांनी ऐकलंच तुमचं. म्हणून तर हे झालं."

चौतीस वर्षांत ग्राहकांनी मला शिव्या दिल्या, एकाने तर पेपरवेट फेकून मारला होता, पण असं कुणी मला माझ्या खुर्चीत लहान केलं नव्हतं. ती एक शब्द वावगा बोलली नव्हती. मी म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पहिली चूक माझी. मला माहीत होतं तुम्ही कर्ज घेणार आहात. मला दोन कार्डं पाहिजे होती म्हणून मी सही घेतली."

तिने माझ्याकडे बघितलं. "मग आता तुम्ही काय करणार?" तिने 'आम्ही काय करू' असं विचारलं नाही.

एक रस्ता होता. नियमाबाहेरच्या फाईलला शाखेने खास शिफारस जोडली तर क्षेत्रीय कार्यालयातले साहेब आपल्या अधिकारात मंजुरी देऊ शकत. पण शिफारशीला कारण लागतं. माणूस चांगला आहे, हे कारण चालत नाही. कर्ज मागायला आलेला प्रत्येक जण चांगलाच असतो. आकडा उतरला तो माणूस अडचणीत आहे म्हणून नव्हे, तर चुकीच्या सल्ल्यामुळे, हे पटवून द्यावं लागणार होतं. आणि तो सल्ला कुणाचा, हे लिहिल्याशिवाय ते पटणार नव्हतं.

मी त्याच दुपारी टिपण लिहिलं. पिकअपच्या कर्जाचे सगळे हप्ते वेळेत, बचत खात्यात वर्षानुवर्षं नियमित उलाढाल, नवीन कार्डांवर एक पैशाची उधारी नाही. मग लिहिलं, "अर्जदाराचे कर्जप्रकरण अपेक्षित असल्याचे माहीत असूनही मार्चअखेरच्या उद्दिष्टासाठी त्यास शाखेतून कार्ड देण्यात आले, आणि त्याने स्कोअर वाढेल असे मी स्वतः सांगितले." खाली सही केली, पूर्ण नावानिशी.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, स्वभावाने वाईट नव्हते.

"मॅडम, हे शेवटचं वाक्य काढा. फार वाईट दिसतं."

"ते काढलं तर कारणच उरत नाही, साहेब."

"लिहा ना, ग्राहकाच्या गैरसमजातून अर्ज झाले."

"गैरसमज त्याचा नव्हता. समज मीच करून दिली होती."

"अहो, सहा महिने राहिलेत तुमचे! हे ऑडिटला गेलं तर तुमच्याकडून खुलासा मागतील. इतकी वर्षं स्वच्छ काढलीत. कशाला अंगावर घेता?"

आता खरं सांगते, मला मोह झाला. माझ्या सेवापुस्तकात कधी लाल शाई लागली नव्हती, आणि त्याचा मला गर्व होता. मैत्रिणींना ऐकवायचे मी. सहा महिन्यांनी निरोपाचं भाषण, शाल, श्रीफळ, आणि त्याआधी हा खुलासा? फोनवर साहेब "हॅलो, हॅलो" करत होते. बाहेर बाजाराचा दिवस, म्हशी ओरडत होत्या.

"साहेब, खुलासा मागवा. लिहून देईन. पण टिपण आहे तसंच ठेवा," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग चहा मागवला आणि दोन कप प्यायले.

त्यानंतरचे दिवस मी मोजून काढले. कारभारीभाऊ रोज दाराशी येऊन लांबूनच हाताने विचारायचे, काय झालं? मी मान हलवायची. टायरवाला दोनदा मालकाकडे जाऊन आल्याची बातमी गावात होती. मुदतीला चार दिवस राहिले तेव्हा मंजुरी आली. मी खुर्चीतून ओरडले, "आलं!" आणि शिपाई धावत बाहेर गेला. यावेळी त्याने काही थट्टा केली नाही. खुलाशाचं पत्रही त्याच आठवड्यात आलं. ते मी दिलं, त्याची नोंद झाली, आणि निरोपाच्या भाषणात साहेबांनी माझ्या 'निष्कलंक सेवे'चा उल्लेख केला नाही. तेवढं झालं. झोंबलं, नाही असं नाही.

कागदांवर सह्या करायला बापलेक आले. भाऊंनी सवयीने पेन उचललं. "कुटं करू?"

शुभांगीने त्यांचा हात धरला. "बाबा, थांबा. आधी वाचू द्या." आणि तिने वाचायला घेतलं. पन्नासेक पानं असतील. मागे लोक ताटकळलेले, माझी जेवणाची वेळ टळलेली, पण मी तिला वाचू दिलं. चौदाव्या पानावर ती थांबली.

"मॅडम, हा व्याजदर तुम्ही आधी सांगितला त्यापेक्षा पाव टक्का जास्त आहे."

मी याचीच वाट बघत होते. "स्कोअर साडेसातशेच्या खाली असला की दर चढतो. मंजुरी मिळाली, पण तो पाव टक्का लागला. तो माझ्यामुळे. मला माफ करा." हे शब्द मी ग्राहकाला पहिल्यांदाच म्हणत होते.

भाऊंनी हिशेब विचारला. मी महिन्याचा फरक सांगितला. त्यांनी तो बोटांवर मोजला आणि मग म्हणाले, "म्याडम, आमच्या बाजारात समदे जनावराची खोड झाकून इकत्यात. लाथ मारनारी गाय गरीब म्हनून गळ्यात मारत्यात. तुमी तुमची खोड कागदावर लिवून वर पाटवली. आमाला साहेबांच्या हापिसातनं कळलं समदं. आता तुमी म्हनाल तिथं डोळं झाकून सही करतो बगा."

"नको हो भाऊ!" मी जवळजवळ हात जोडले. "डोळे झाकूनच तर हे सगळं झालं!"

शुभांगी हसली. पहिल्यांदाच. उरलेली पानं तिने वाचलीच, आणि मग दोघांनी सह्या केल्या. जाता जाता तिने विचारलं, "स्कोअर परत वर गेला तर हा दर कमी करता येतो ना?"

"येतो. वर्षभराने अर्ज करायचा. तोवर नवीन काही घेऊ नका, आहेत ती कार्डं थोडी वापरा, बिल वेळेत भरा."

"तेव्हा तुम्ही नसाल इथे."

"नसेन. पण फोन कर, मी येईन."

तिचा फोन बरोब्बर वर्षाने आला. आकडा सातशे नव्वद झाला होता. मी केडगावहून एसटी पकडली. महामार्गावर उतरले तर समोर तिच्या नावाची पाटी, मागच्या मोकळ्या जागेत चार-पाच गाई, आणि शुभांगीचा हात खांद्यापर्यंत रबरी मोज्यात. "मॅडम, तुम्ही बाबांबरोबर व्हा पुढं, ही मोकळी झाली की येतेच," ती ओरडली.

शाखेत माझ्या जागी एक तरुण अधिकारी बसला होता. मला ओळखण्याचं त्याला काही कारण नव्हतं. मी अर्ज पुढे केला, नियम सांगितला, स्कोअर दाखवला. त्याने थोडे आढेवेढे घेतले, हे बघावं लागेल, ते विचारावं लागेल. मी त्याला परिपत्रकात काय लिहिलंय तेही सांगितलं. तो चपापला. दर खाली आला की हप्ता किती कमी होईल ते त्याने शेवटी संगणकावर काढलं, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "मावशी, तुम्ही यांच्या कोण?"

मी बँकेतलं जुनं पद सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात कारभारीभाऊ म्हणाले, "ह्या आमच्या बाजूच्या हायेत."

चौतीस वर्षं मी त्या टेबलाच्या पलीकडे बसले होते. खुर्ची ओढली आणि भाऊंच्या शेजारी बसले.